वाकड्या दाताचा सूर

फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन म्हटलं की आलेला प्रत्येक माणूस सोफ्यावर बसून पाहतो, जरा उसळून पाहतो, आणि काही न घेता उठतो. दातांची डॉक्टरही तशीच एका करड्या सोफ्याच्या कडेला बसली होती. दुकानाचा मालक तिचा जुना पेशंट. त्याच्या आग्रहाखातर दुपारचा दवाखाना उशिरा उघडायचं ठरवून ती आली होती. खरं कारण मात्र दुसरं होतं. कोपऱ्यात, दोन उघड्या कपाटांच्या मधे, तिच्या काकाचा बँड वाजत होता. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ; सत्तरी ओलांडलेला, ढगळ कोटातला, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेला. सगळे लोक काकाचं गाणं ऐकत होते, किंवा खाता खाता ऐकल्यासारखं करत होते. ती बघत होती काकाच्या वरच्या ओळीतला डावा मधला दात. तो तिनं बसवला होता. शिंप्यानं रस्त्यावरच्या माणसाच्या अंगातला आपण शिवलेला सदरा बघावा, तशी ती बघत होती, आणि काम छान झालंय असं पुन्हा एकदा स्वतःशी म्हणत होती. तेवढ्यात गाण्याची ओळ संपली. ओळ संपली की पुढे काय होतं हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. काका तोंड मिटतो, उजवा हात वर येतो, ट्रम्पेट ओठाला लागतं, आणि शब्दांनी जे अर्धवट सोडलेलं असतं ते पितळ पुरं करतं. तिनं सवयीनं श्वास रोखला. हात वर आलाच नाही. पियानोवाल्यानं घाईघाईनं काहीतरी वाजवून ती जागा भरली, काकानं दोन्ही हात खिशात घातले आणि पुढची ओळ उचलली.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ट्रम्पेट तिथं नव्हतंच, खुर्चीवर नाही, पेटीतसुद्धा नाही, हे तिलाही आत्ताच दिसलं. आपण आल्यापासून काकाच्या तोंडाकडे बघतोय आणि हाताकडे एकदाही बघितलं नाही, याचं तिला नवल वाटलं. मग नवल गेलं. वरून धडधाकट दिसणाऱ्या दातात तपासायची सुई अलगद बुडते, आणि पेशंटला अजून काही कळलेलं नसतं पण आपल्याला कळलेलं असतं, तो क्षण तिच्या ओळखीचा होता. फक्त या वेळी सुई तिच्या हातात नव्हती. बँड थांबल्यावर ती काकाकडे गेली. काकाला ती ‘तू’ म्हणायची. बाबांना ‘तुम्ही’, काकाला ‘तू’, घरात पहिल्यापासून तसंच होतं.

“काका, ट्रम्पेट कुठंय?”

“आहे की घरी. आज ओठ जरा जड आहे, ठमे.” त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. ठमाबाईसारखी लहानपणापासून मोठ्यांच्या पंक्तीत बसते म्हणून ती ठमी. पन्नाशी उलटली तरी नाव सुटलं नव्हतं. “कॉफी घेतलीस का? इथं कॉफी बरी आहे. सोफे बेकार.”

एवढं बोलून तो हसला आणि तो सुंदर दात चमकला. ड्रमवाला, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, आपल्या थाळ्या पिशवीत भरत होता. काका दुकानाच्या मालकाशी बोलायला गेला तसं ढोल्यानं मान वर न करताच म्हटलं, “ताई, आजच काय म्हणून? तुम्ही दात बसवल्यापासून त्याचा ओठ जडच आहे.”

“मला बोलला नाही.”

“तुम्हाला कसा बोलेल? आम्हालाही म्हणतो, वय झालं. पण वय काय एका दिवसात होतं का?” त्यानं पिशवीची चेन ओढली. “महिनाअखेरपर्यंत बघू म्हणालोय. मग नवीन माणूस घ्यावा लागेल. बिनट्रम्पेटचा बँड म्हणजे लोक विचारतात हो.”

“काकाला माहीत आहे?”

“नवीन माणूस त्यानंच शोधून दिलाय.”

ती दवाखान्यात चालत आली. अंतर फार नव्हतं, पण वाटेत कुठली दुकानं लागली हे तिला सांगता आलं नसतं. दवाखान्यातल्या मदतनीस मावशींनी हत्यारं मांडून ठेवली होती, पेशंट बसले होते, आणि ती एकामागून एक तोंडं बघत गेली. तोंडं नेहमीसारखीच होती. आज मात्र तिला प्रत्येक तोंडात काकाचा तो दात दिसत होता. तिनं बसवलेला नव्हे, त्याच्या आधीचा. तो मुळातच वाकडा होता. शेजारच्यापासून फटकून राहिलेला, जरा वळलेला, पुढे आलेला, आणि खालचा एक कोपरा उडालेला. काका लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना तोंडावर आपटला, तेव्हा आजोबा म्हणाले होते, दुधाचा असेल, येईल दुसरा. तो दुधाचा नव्हता. मग त्या दोन दातांच्या मधे जी फट राहिली ती जन्मभर राहिली. शाळेत पोरं त्याला फटफटी म्हणायची. मुली बघायला गेला तर तोंड मिटून बसायचा, म्हणून लोकांना वाटायचं मुलगा घुमा आहे, आणि असं करत करत त्याचं लग्न राहूनच गेलं. हे सगळं तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि सांगताना दात काढायचा, तेव्हा ती फट काळी दिसायची. मग मागच्या वर्षी, शिळा पाव चावताना, तो दात अर्ध्यातून मोडला. जन्मभर ज्या दातावर पितळ टेकवलं, त्याला काही झालं नाही, आणि पावानं घात केला. काका मोडका तुकडा काड्यापेटीत घालून दवाखान्यात आला आणि म्हणाला, हे चिकटवून दे. ती हसली होती. काका, चिकटवते काय, याच्यापेक्षा चांगला देते, असं ती म्हणाली होती. हे वाक्य आता तिला तोंडात धरवेना.

चांगला म्हणजे केवढा चांगला. रंग जुळेना म्हणून तिनं लॅबमधून कॅप दोनदा परत पाठवली होती. काकाच्या बाकीच्या दातांचा चहाळलेला पिवळेपणा त्यात अगदी हवा तेवढा उतरवून घेतला होता. दात सरळ ओळीत आणला, फट बुजवली, शेजारच्या दाताची कडसुद्धा जरा घासून गोल केली. तिच्या इतक्या वर्षांच्या कामात असं काम दुसरं झालं नव्हतं. बसवल्यावर तिनं दाताखाली कागद धरून चावायला लावलं, उजवीकडे, डावीकडे. बोलून बघायला लावलं. घरातल्या सगळ्यांनी त्या माणसाकडून जन्मभर नुसतं घेतलं होतं, हसणं, गाणं, सुट्टीतल्या दुपारी. आणि आपण पहिल्यांदा त्याला काहीतरी देतोय, असं वाटून आरसा धरताना तिचे डोळे भरून आले होते. फुंकून बघ, हे तिच्या मनातही आलं नाही. ज्याचं सगळं आयुष्य त्या एका दातावर टेकलेलं, त्याला तिनं विचारलं काय, तर पाव चावता येतो का. समोरच्या खुर्चीतल्या बाईनं काहीतरी विचारलं. डॉक्टरनं हो म्हटलं आणि मग मावशींना हळूच विचारलं की ती काय म्हणाली.

खरं तर ती काकाला आधी खालून ओळखायची. सात-आठ वर्षांची असताना तो तिला तालमीला घेऊन जायचा, भर दुपारी, हॉटेलच्या रिकाम्या हॉलमधे, जिथं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या असायच्या. ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसायची. तिच्याकडे काम होतं. ट्रम्पेटच्या पुढच्या तोंडावर आवाज दाबायला मोरीतला रबरी पंप लागायचा, तुंबलेलं पाणी काढायचा तो. दांडा काढून टाकलेला. “ठमे, झाकण,” असं काका ओठाच्या कोपऱ्यातून म्हणाला की तिनं तो वर द्यायचा. तो घरचाच पंप होता. मोरी तुंबल्यावर आईनं सगळं घर शोधलं, आणि काका तिच्यापुढे साळसूदपणे सगळं घर शोधत फिरला. त्या झाकणामागून ट्रम्पेट बोलायचं. रुसायचं, कुरकुरायचं, लाडात यायचं, आणि झाकण काढलं की एकदम आकाश मोकळं व्हावं तसा तो सूर हॉलभर व्हायचा. मधेच काका गायचा. त्याचा गळा काही मोठा नव्हता. चारचौघांत हाक मारली तर पोचणार नाही असा. आणि तो तालाच्या किंचित मागून यायचा, सगळे पानावर बसल्यावर सावकाश हात धुऊन येणाऱ्या माणसासारखा, ज्याला खात्री असते की आपल्यासाठी थांबलेत. गळ्यात जे मावायचं नाही ते तो पितळेत घालायचा, आणि पितळ फार सरळ बोलायला लागलं की गळ्यानं ते वाकवून घ्यायचा. बहुतेक गाणी उदास असायची. ती ऐकली की तिला भूक लागायची. इतकं बरं वाटायचं की काहीतरी खावंसं वाटायचं, आणि ती खालून वर बघत बसायची, ट्रम्पेटच्या कडेला दिसणारी हनुवटी, फुगलेला गाल, पितळेवर आवळलेले ओठ.

घरी तो कपड्यांच्या कपाटात तोंड घालून सराव करायचा. आवाज कपड्यांत मुरावा म्हणून. आईच्या सगळ्या कपड्यांना ट्रम्पेटच्या तेलाचा वास यायचा आणि आई म्हणायची, माझा जीव गेला तर मला याच वासावरून ओळखा. बाबा नकाशे काढण्याच्या कचेरीत होते, नाकासमोर चालणारे, हातात कायम पट्टी. त्यांना कपाटातून येणारा तो कोंडलेला सूर सहन होत नसे. “फुंकून संसार होत असता, तर फुंकणीला स्थळं आली असती,” असं ते म्हणत. काका कपाटातूनच म्हणे, “फुंकणीला एकच सूर असतो, दादा.” भांडण तिथंच संपायचं. ती मात्र बाबांची मुलगी निघाली. तिला सरळ रेष आवडायची. वाकडं दिसलं की हात शिवशिवायचा. भिंतीवरचं चित्र, टेबलावरचा चमचा, माणसांच्या तोंडातल्या ओळी. आयुष्यभर तिनं तेच केलं आणि लोक हसत घरी गेले, आणि हे काही खोटं नव्हतं. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमधे वाजवायला बंदी होती, तेव्हा काकानं खिशातून नुसतं माउथपीस काढलं, ट्रम्पेटचं ते इवल्या वाटीसारखं तोंड, आणि त्यातून घोंगावत, पिचकत एक अख्खं गाणं वाजवलं होतं. नाकासमोर चालणारे बाबा उशीवर तोंड दाबून हसत होते. दादा, बाकीची नळी तुझ्या मनानं जोड, असं काका म्हणाला होता. बाबा म्हणाले होते, जोडली. हे तिला दुपारच्या शेवटच्या पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना आठवलं आणि तिनं मान वळवली, कारण डॉक्टरच्या डोळ्यातलं पाणी पेशंटच्या तोंडात पडणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकाच्या खोलीवर गेली. एक खोली, एक पलंग, एक खिडकी. ट्रम्पेट टेबलावर होतं, लखलखीत पुसलेलं. वाजतं ते वाद्य इतकं स्वच्छ नसतं.

“खालचा म्हातारा परवा काठी घेऊन वर आला,” काका चहा ठेवता ठेवता म्हणाला. “इतकी वर्षं त्याच काठीनं छताला ठोकायचा. मला वाटलं, आला भांडायला. तर म्हणतो, आजारी आहात का?”

“वाजवून दाखव.”

“काय?”

“काहीही. एक सूर.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, गॅस बंद केला, ट्रम्पेट उचललं. ओठ जुळवले. हवा निघाली. नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी, आणि तिच्या मागे कुठंतरी सूर असल्याची चाहूल. त्यानं पुन्हा जुळवलं. एक घरंगळणारा, पातळ आवाज निघाला आणि गेला. मानेच्या शिरा टचटचून वर आल्या होत्या. त्यानं ट्रम्पेट खाली ठेवलं आणि तोंड पुसलं.

“टेकायला जागा नाही गं. आधी हे त्या उडालेल्या कोपऱ्यावर बसायचं आणि हवा फटीतून, एका अंगानं निघायची. आता तिथं भिंत आहे. सुंदर भिंत आहे. पण भिंत.”

“मग मला सांगायचं होतंस ना.”

“काय सांगायचं? तू आरसा धरला होतास.”

“म्हणजे?”

“म्हणजे आरशात मी होतो आणि आरशाच्या वर तू होतीस. मी तुझ्याकडेच बघत होतो, ठमे. तसा चेहरा तुझा मी तुझ्या लहानपणानंतर बघितला नव्हता. आता त्या चेहऱ्याला काय सांगायचं, की काढ हे?”

“म्हणून ट्रम्पेट सोडलंस? माझ्या चेहऱ्यासाठी?” तिला राग आला. खरोखरचा, लालबुंद राग, आणि तो कुणावर आहे हे तिला कळेना. “ओठात एक नि पोटात एक, हे तू कधीपासून शिकलास?”

“पोटातलं ओठावर येईना, हीच तर पंचाईत झालीय.” तो हसला. “आणि सोडलंय कुठं? रोज फुंकतो. म्हटलं, ओठ नव्यानं शिकेल. पण ओठ म्हातारा झालाय. म्हाताऱ्याला नवीन घरात करमत नाही.”

ती पलंगावर बसली. जे सांगायचं होतं ते तिनं पेशंटला सांगतात तसं, एका सुरात सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या सुरात तिला ते सांगता आलं नसतं. कॅप कापून काढावी लागेल. आत त्याचा स्वतःचा दात काडीएवढा उरलाय. कापताना तो तडकला तर त्यावर पुन्हा काही उभं राहणार नाही. मग तारेची कवळी, आणि कवळीवर ट्रम्पेट कायमचं बंद. कवळी सैल पडली तर गाण्याचाही भरवसा नाही. “आत्ता निदान गाता येतंय तुला. तेही जाऊ शकतं. नीट विचार कर.”

काकानं विचार केला. खिडकीशी उभा राहून केला. तिला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि तो ढगळ कोट घरातही घालतो हे पाहून तिला वाईट वाटलं.

“मी ओळ म्हणतो,” तो म्हणाला, “आणि थांबतो. इतकी वर्षं थांबत आलोय ना. वाटतं, आता ट्रम्पेट उत्तर देईल. ते देत नाही. मग मी हात खिशात घालतो. तू काल बघितलंस ते.” तो वळला. “मला गाणं टिकवून काय करायचंय? गाणं म्हणजे त्याच्याशी बोलणंच होतं. चल, कापू या.”

दवाखान्यात काका खुर्चीत आडवा झाला. मशीनची बारीक किंकाळी, पाण्याचा फवारा, मावशींनी धरलेली नळी, आणि मधे तिचं सगळ्यात सुंदर काम. तिनं त्याच्या मधोमध चर पाडला. आपलंच कौतुक आपण उभं चिरतोय, असं क्षणभर वाटलं आणि त्यात एक विचित्र सुख होतं, म्हणून तिनं तो विचार लगेच बाजूला सारला. चरात पातळ पातं घालून तिनं अलगद पीळ दिला. टक् असा आवाज झाला. मावशींनी श्वास रोखला. कॅप दोन तुकडे होऊन सुटली होती. आतला दात, लहान, पिवळट, उघडा, आपल्या जागी उभा होता. तडा नव्हता. भिंग लावून तिनं चारही बाजूंनी बघितलं. नव्हता.

मग सोपं काम राहिलं असं वाटलं आणि तिथंच गाडी अडली. तिनं प्लॅस्टिकचा तात्पुरता दात उभा केला, आठवेल तसा वाकवला, कोपरा उडवला, फट ठेवली. काका खुर्चीत उठून बसला, ट्रम्पेट लावलं. हवा. तिनं थोडं घासलं. हवा. “जरा डावीकडे,” काका म्हणाला. तिनं विचारलं, तुझं डावं की माझं? दोघांनाही नक्की सांगता येईना. पुन्हा घासलं, पुन्हा भरलं, पुन्हा घासलं. बाहेर पेशंट जमले होते. दर थोड्या वेळानं आतून फुस्स असा आवाज येत होता आणि दाराच्या फटीत एक गाल सुजलेला, मफलर बांधलेला माणूस डोकावून जात होता. तिला घाम आला. हजारो तोंडं तिच्या लक्षात होती, कुणाची कुठली दाढ कधी काढली हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. आणि ज्या दाताखाली ती वाढली, तो तिला आठवत नव्हता. ती त्याच्यावर वाकून बघत होती, दिवा लावून, जशी रोज सगळ्यांकडे बघते तशी. या अंगानं तिनं तो दात फक्त मोडल्यावर बघितला होता. हे लक्षात आलं तेव्हा ती स्टुलावरून उतरली आणि खाली फरशीवर बसली.

“काय पडलं, बाई?” मावशी म्हणाल्या.

“काही नाही. काका, उभा राहा. इथं, माझ्यासमोर. लाव ट्रम्पेट.”

तो उभा राहिला. ती त्याच्या पायाशी मांडी घालून बसली आणि मान वर केली. छताचा उजेड, कोटाच्या बाह्या, पितळेची खालची बाजू, हनुवटी. आणि तिथं, माउथपीसच्या वाटीत आवळलेल्या ओठांच्या मधे, एक जागा रिकामी होती. लहानपणी तिथं ओठ जरा उचललेला असायचा. फार डावीकडे नाही, अगदी मधेही नाही. दात नुसता पुढे नव्हता, तो खालून आत वळलेला होता, आणि ओठ त्याच्यावर उंबऱ्यावर पाय ठेवावा तसा टेकायचा. हे तिनं कधी बघितलंय असं तिला वाटलंच नव्हतं. झाकण वर देताना शंभर वेळा बघितलं होतं. तिनं काकाला खाली वाकायला लावलं आणि फरशीवर बसूनच, डोक्यावर हात करून, त्या दाताची आतली कड घासली. दिवा नव्हता, कोन अवघड होता, आणि असं काम करताना तिच्या कॉलेजच्या सरांनी बघितलं असतं तर पटावरून नाव काढून टाकलं असतं.

काका उभा राहिला. ओठ जुळवले. मग सूर आला. हवेच्या मागून नाही, हवेच्या पुढे, गोल, भरलेला, दवाखान्यातल्या काचेच्या कपाटाला झिणझिण्या आणणारा, आणि तो वर चढायला लागला आणि वर जाऊन फाटकन फुटला.

काकानं ट्रम्पेट खाली घेतलं.

“फुटला,” ती म्हणाली.

“फुटला!” काका म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की तिला हातात आरसा नसल्याचं बरं वाटलं. “अगं, फुटायला आधी लागावा लागतो. किती महिने झाले, फुटलासुद्धा नव्हता.” तो हसत सुटला आणि हसता हसता खाली तिच्या शेजारी फरशीवर बसला, आणि तिथूनच त्यानं एक ओळ म्हटली, त्या हाकेला न पोचणाऱ्या गळ्यानं, तालाच्या किंचित मागून. ओळ संपली. हात वर आला. पितळ बोललं, कापऱ्या, खरबरीत आवाजात, एका जागी घसरत, पण बोललं. जे राहिलं होतं ते पुरं करून थांबलं. ती रडत होती आणि मावशीही, आणि कुणी ते लपवलं नाही.

“जुना नाही हा आवाज,” ती नाक पुसत म्हणाली. “आणखी जरा घासून बघू?”

“हात लावू नकोस. जुना कसा असेल? जुना दात गेला, जुना ओठ गेला. हा नवीन आहे. याला आता पहिल्यापासून शिकवायचं.” सत्तरी ओलांडलेला माणूस हे अशा थाटात म्हणाला की शाळेचा पहिला दिवस असावा. “ढोल्याला सांगतो, नवीन माणूस घ्याच. तो वाजवेल, मी शिकेन, मधे मधे दोघंही वाजवू.”

“मग याचं माप घेऊन पक्का दात करते. चिनी मातीचा. हे प्लॅस्टिक आहे, झिजेल.”

“झिजू दे. आधी आमची दोघांची ओळख होऊ दे. मग बघ तुझं पक्कं.”

तिच्या दवाखान्यातून आजवर अर्धवट काम बाहेर गेलं नव्हतं. काका तो वाकडा, तात्पुरता, दोन रंगांचा दात घेऊन बाहेर गेला आणि बसलेल्या पेशंटांना जाता जाता म्हणाला, “माफ करा हं, फार वेळ लागला. पण डॉक्टर चांगली आहे.” जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. तिनं हात धुतले, फरशीवरचा भुगा पुसला, मशीनची सुई बदलली. मफलरवाला माणूस आत आला, खुर्चीत बसला, मफलर सोडला आणि आ वासला. खालच्या सुजलेल्या दाढेबरोबर वरचा पुढचा एक दातही हलत होता. काढून नवा बसवायला हवा होता. तिनं आरसा उचलला. मग परत ठेवला.

“या तोंडानं तुम्ही काय करता?” तिनं विचारलं.

तो माणूस गोंधळला. तोंड मिटून त्यानं आधी मावशींकडे बघितलं. “काय करणार, डॉक्टर? जेवतो. बोलतो.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.” तो विचारात पडला. त्यानं सुजलेल्या गालावर हात ठेवला. मग ओशाळून म्हणाला, “शीळ घालतो. चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. खालून शीळ घातली की बायको किल्ली टाकते. तिला बरोबर कळते माझी.”

“घाला बरं.”

“इथं? आत्ता?”

“हो. आधी मला ऐकू दे.”

त्यानं ओठ पुढे काढले. गाल दुखला तसा चेहरा वाकडा झाला, नुसती हवा निघाली. त्यानं ओठ ओले केले आणि पुन्हा प्रयत्न केला. डॉक्टर स्टूल पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून, ऐकत बसली.